डाव्या हाताचा शोध : हस्तप्राधान्याच्या जीवशास्त्रीय मीमांसेचा ऐतिहासिक आढावा

सारांश

बहुसंख्य माणसे उजव्या हाताने आणि अल्पसंख्य माणसे डाव्या हाताने काम का करतात, हा प्रश्न प्लेटोच्या काळापासून चर्चिला गेला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत दिल्या गेलेल्या उत्तरांचा आढावा घेतला आहे. हृदयाचे स्थान, युद्धातील ढाल, मेंदूचे अर्धगोल, मनाची विकृती, मेंडेलप्रणीत आनुवंशिकता आणि अलीकडील जनुकशोध अशा टप्प्यांतून ही मीमांसा पुढे गेली. डाव्या हातावरील सामाजिक बंधनाने केवळ मुलांच्या हातांवरच नव्हे, तर शास्त्राच्या मोजमापावरही परिणाम केला आणि ते बंधन सैल झाल्यानंतरच या वैशिष्ट्याचे जीवशास्त्रीय स्वरूप स्पष्ट होऊ लागले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हस्तप्राधान्य, डावरेपणा, मेंदूचे अर्धगोल, आनुवंशिकता, रूढी, यदृच्छा.

१. प्रस्तावना

मानवी शरीर बाहेरून पाहिल्यास दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. परंतु माणूस कामाला लागला की हे साम्य टिकत नाही. लेखणी, सुई, विळा, हातोडा ही साधने बहुतेकांच्या उजव्या हातातच जातात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पूर्वीच्या अनेक अभ्यासांतील २३ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. त्यात डावऱ्या व्यक्तींचे प्रमाण १०.६ टक्के आढळले. काही मानवसमूहांत हे प्रमाण कमी तर काहींत अधिक दिसते; परंतु डाव्या हाताने काम करणाऱ्यांचे बहुमत असलेला समाज आजवर आढळलेला नाही. म्हणजेच या वैशिष्ट्यात दोन गोष्टी एकाच वेळी समजावून घ्याव्या लागतात : बहुमत उजव्यांचे का, आणि तरीही डावे नाहीसे का होत नाहीत.

या जैविक वस्तुस्थितीवर समाजाने मूल्यांची मोठी इमारत उभी केली. संस्कृतातील ‘दक्षिण’ आणि लॅटिन भाषेतील ‘डेक्स्टर’ हे शब्द एकाच प्राचीन मूळापासून आले आहेत. ‘दक्षिण’ या शब्दाला कुशल असाही अर्थ आहे. ‘वाम’ या शब्दाला सुंदर असा अर्थ असूनही प्रतिकूल हा अर्थ त्याला चिकटला. लॅटिनमधील डाव्या बाजूचा वाचक ‘सिनिस्टर’ हा शब्द इंग्रजीत अशुभ, कपटी या अर्थाने रूढ झाला. मराठीतही सरस गोष्ट ‘उजवी’ ठरते, उपेक्षिताला ‘डावलले’ जाते आणि पक्षपाताला ‘डावे-उजवे करणे’ म्हणतात. घास घेणे, प्रसाद स्वीकारणे, दान देणे ही कृत्ये उजव्या हाताने करण्याचा आपल्याकडील संस्कार सर्वपरिचित आहे. अशा परिस्थितीत डाव्या हाताचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञही या संस्कारांपासून सर्वस्वी मुक्त असणे कठीण होते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) हस्तप्राधान्याच्या कारणांविषयीच्या प्रमुख उपपत्तींचा कालक्रमाने आढावा घेणे.
(२) या उपपत्तींवर आणि त्यांच्या मोजमापावर सामाजिक रूढींचा झालेला परिणाम तपासणे.
(३) आजच्या जीवशास्त्रीय ज्ञानाच्या आधारे शैक्षणिक व्यवहाराला उपयुक्त असे निष्कर्ष मांडणे.

२. प्राचीन मतभेद : निसर्ग की संगोपन?

या वादाच्या दोन्ही बाजू ग्रीक विचारवंतांनीच मांडून ठेवल्या आहेत. प्लेटोने ‘लॉज’ या संवादाच्या सातव्या खंडात असे मत मांडले की, निसर्गतः दोन्ही हात जवळजवळ सारखेच असतात. दाया आणि माता यांच्या चुकीच्या सवयींमुळे माणूस एका हाताने पंगू बनतो. त्याच्या आदर्श राज्यात सैनिकांना दोन्ही हातांचे शिक्षण अपेक्षित होते. अ‍ॅरिस्टॉटलचे मत वेगळे होते. उजवा हात निसर्गतःच अधिक बलवान असतो, मात्र सरावाने कोणालाही दोन्ही हात सारखे चालवता येतील, असे त्याने म्हटले. नैसर्गिक कल आणि अर्जित कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अ‍ॅरिस्टॉटलच्या विधानातील मर्म पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

या भेदाचे एक उदाहरण आपल्याकडे सापडते. नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर महात्मा गांधींनी ‘हिंद स्वराज’ लिहिले. उजवा हात थकल्यावर त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. हस्तलिखिताच्या २७५ पृष्ठांपैकी सुमारे ४० पृष्ठे डाव्या हाताने लिहिलेली आहेत. सरावाने दुसरा हात लेखनक्षम होतो, परंतु त्यामुळे मूळचा कल बदलला असे होत नाही.

बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात बन्यामीन वंशाच्या सैन्याचे वर्णन आहे. सुमारे २६ हजार ७०० योद्ध्यांच्या या सैन्यासंदर्भात गोफणीचा अचूक नेम साधणाऱ्या ७०० निवडक डावऱ्यांचा उल्लेख येतो. हा आकडा शिरगणती म्हणून घेता येणार नाही, कारण ते निवडलेले वीर होते. तथापि डावरेपणा ही अल्पसंख्यांची, पण परिचित बाब होती, एवढे त्यावरून दिसते.

१६४६ साली इंग्रज वैद्य सर थॉमस ब्राउन याने लोकभ्रमांचे परीक्षण करणाऱ्या आपल्या ग्रंथात उजव्या-डाव्या हाताला एक स्वतंत्र प्रकरण दिले. यकृत उजवीकडे आणि हृदय डावीकडे असल्यामुळे उजव्या हाताला अधिक बळ मिळते, यासारखी तत्कालीन स्पष्टीकरणे तपासून त्याने ती अपुरी ठरवली. आंतरिक अवयवांच्या स्थानावरून हाताचे प्राधान्य ठरते काय, हा प्रश्न मात्र पुढील दोन शतके जिवंत राहिला.

३. हृदय, ढाल आणि मेंदू

एकोणिसाव्या शतकात हृदयाच्या स्थानाला युद्धाची जोड देणारी उपपत्ती लोकप्रिय झाली. लंडनमधील वैद्य फिलिप हेन्री पाय-स्मिथ यांनी १८७१ साली ती मांडली. डाव्या बाजूच्या हृदयाचे रक्षण करण्यासाठी ढाल डाव्या हातात धरणारे योद्धे अधिक संख्येने जगले. परिणामी शस्त्र उजव्या हातात आले आणि ती सवय वंशपरंपरेने पुढे गेली, असा हा तर्क होता. त्याच वर्षी इतिहासकार थॉमस कार्लाइल यांनीही, स्वतःचा उजवा हात निकामी झाल्यानंतर, आपल्या रोजनिशीत अशाच स्वरूपाचा विचार नोंदवला.

हा तर्क आकर्षक असला तरी तो दोन कसोट्यांवर टिकत नाही. पहिली कसोटी शरीररचनेची आहे. काही थोड्या व्यक्तींत आंतरिक अवयवांची मांडणी आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट असते आणि हृदय उजवीकडे असते. नॉर्वेतील संशोधक टोर्गर्सन यांनी १९५० साली अशा व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यातील डावऱ्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा अधिक आढळले नाही. दुसरी कसोटी काळाची आहे. पुढे विवेचन केल्याप्रमाणे, उजव्या हाताचे प्राधान्य ढालीच्या शोधाहून कितीतरी अधिक प्राचीन आहे.

प्रश्नाचे केंद्र हृदयाकडून मेंदूकडे सरकले ते फ्रान्समध्ये. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण केले आणि डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागातील इजा दाखवून दिली. १८६५ पर्यंत वाचा ही प्रामुख्याने डाव्या अर्धगोलाशी निगडित असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले. त्याच वर्षी मार्क डॅक्स या दिवंगत वैद्याने १८३६ साली काढलेले तशाच आशयाचे निष्कर्ष त्याच्या पुत्राने प्रसिद्ध केले. शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण मेंदूचा डावा अर्धगोल करतो, हे आधीच ज्ञात होते. त्यामुळे वाचा आणि उजवा हात यांचा संबंध जोडला जाणे स्वाभाविक होते.

याच संबंधातून एक सोपा नियम रूढ झाला : उजव्यांची वाचा डाव्या अर्धगोलात आणि डावऱ्यांची उजव्या अर्धगोलात. हा नियम ब्रोकांच्या नावावर खपवला गेला, परंतु त्यांनी तो इतक्या निरपवादपणे मांडला नव्हता. त्याची खरी परीक्षा विसाव्या शतकात झाली. जुन वाडा यांनी १९४९ साली मेंदूचा एकच अर्धगोल काही मिनिटांपुरता बधिर करण्याचे तंत्र मांडले. त्याच्या आधारे माँट्रियल येथील रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ साली दिलेल्या माहितीनुसार, उजव्या हाताच्या सुमारे ९६ टक्के रुग्णांत वाचा डाव्या अर्धगोलात होती. परंतु डावऱ्यांतही सुमारे ७० टक्के रुग्णांत ती डाव्याच अर्धगोलात आढळली. उरलेल्या डावऱ्यांपैकी निम्म्यांत ती उजवीकडे आणि निम्म्यांत दोन्हीकडे होती. डावरा मनुष्य म्हणजे उजव्या माणसाची उलटी प्रतिमा, ही कल्पना त्यामुळे निराधार ठरली.

४. वैशिष्ट्याचे दोषात रूपांतर

मेंदूविज्ञानाच्या या प्रगतीबरोबरच एक अनिष्ट प्रवाहही वाहू लागला. डावा अर्धगोल भाषेचा, म्हणून सुसंस्कृतपणाचा आणि उजवा अर्धगोल आदिम प्रवृत्तींचा, अशी विभागणी केली गेली. इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोसो यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात डावरेपणाचा संबंध गुन्हेगारी आणि मनोविकृती यांच्याशी जोडला. रूढीने ज्याला अशुभ मानले होते, त्याला आता शास्त्राने सदोष ठरवले. शब्द बदलले, निवाडा तोच राहिला.

याच काळात विरोधी सूरही उमटत होता. टोरांटो येथील विद्वान सर डॅनियल विल्सन यांनी १८९१ साली डावरेपणावर ग्रंथ लिहिला. ते स्वतः डावरे होते आणि डावरेपणाचे मूळ मेंदूच्या रचनेत शोधावे, असे त्यांचे मत होते. १९०३ साली लंडनमध्ये दोन्ही हातांच्या शिक्षणाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक जॉन जॅक्सन यांच्या १९०५ मधील पुस्तकाला बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांची प्रस्तावना लाभली होती. सर जेम्स क्रायटन-ब्राउन यांनी १९०७ साली या चळवळीवर कडक टीका केली. दोन्ही हात सारखे करण्याचा आग्रह आणि डावा हात दाबण्याचा आग्रह हे परस्परविरोधी वाटले तरी, मुलाचा उपजत कल शिक्षणाने पुसता येतो, असा विश्वास दोहोंच्या मुळाशी होता.

शिक्षणक्षेत्रावर याचा थेट परिणाम झाला. सिरिल बर्ट यांच्या १९३७ मधील मागासलेल्या मुलांविषयीच्या ग्रंथात डावऱ्या मुलांचे चित्र अडखळणारी, तोतरी, अवघडलेली मुले असे रंगवले आहे. न्यूयॉर्कमधील मनोविश्लेषक अब्राम ब्लाउ यांनी १९४६ साली डावरेपणा हा बालपणीच्या हट्टी नकारवृत्तीचा आविष्कार असल्याचे मत मांडले. या भूमिकेतून पाहिल्यास हात बदलायला लावणे हा अन्याय न राहता उपचार ठरत होता.

याउलट अमेरिकेतील सॅम्युअल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस यांनी सक्तीने हात बदलल्यामुळेच तोतरेपणा निर्माण होत असावा, अशी उपपत्ती मांडली. या संदर्भात इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. ते मूळचे डावरे होते, त्यांना उजव्या हाताने लिहिण्यास लावण्यात आले होते आणि ते बोलताना अडखळत असत. १९२६ साली विम्बल्डन येथे ते टेनिस खेळले ते मात्र डाव्या हाताने. अशा एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि नंतरच्या संशोधकांनी ऑर्टन-ट्रॅव्हिस उपपत्ती तिच्या मूळ स्वरूपात स्वीकारली नाही. तथापि, सक्तीला शास्त्राच्या भाषेत आक्षेप घेतला जाऊ लागला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

५. रूढी आणि मोजमाप

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रोबेर हेर्ट्झ यांनी १९०९ साली उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर लिहिलेला निबंध या विषयातील महत्त्वाचा टप्पा आहे. शरीरात थोडी असमानता आहे हे त्यांनी नाकारले नाही. परंतु एवढ्याशा असमानतेवरून उजव्याला सर्व मान आणि डाव्याला सर्व तिरस्कार मिळण्याचे कारण उलगडत नाही. त्यासाठी पवित्र आणि अपवित्र या धार्मिक द्वंद्वाकडे पाहावे लागते, असे त्यांनी दाखवले. हेर्ट्झ १९१५ साली पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र जीवशास्त्रालाही लागू होता : समाज जर हाताला वळण लावत असेल, तर संशोधक नेमके काय मोजत असतो?

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांतून कळते. तैवानमधील चिनी विद्यार्थ्यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डाव्या हाताने लिहिणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आढळले. १९८६ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने गंधज्ञानाविषयी घेतलेल्या पाहणीत हाताविषयीही प्रश्न होते. अमेरिकेतील ११ लाखांहून अधिक वाचकांच्या उत्तरांचे विश्लेषण गिल्बर्ट आणि विसोकी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वी व आसपास जन्मलेल्यांत डावऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या जवळपास होते, तर तरुण पिढीत ते १० टक्क्यांच्या वर गेले होते. दोन-तीन पिढ्यांत मानवाची जनुके इतकी बदलत नाहीत. बदलली होती ती शाळा.

हा मुद्दा दुर्लक्षिल्यामुळे कोणती चूक होते, याचे ठळक उदाहरण १९९१ साली घडले. स्टॅन्ली कोरेन आणि डायन हालपर्न यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील ९८७ मृत व्यक्तींची माहिती मिळवली आणि उजव्या व्यक्तींचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ७५, तर डावऱ्यांचे ६६ असल्याचे एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात कळवले. डावरी माणसे नऊ वर्षे आधी मरतात, अशी वार्ता जगभर पसरली. परंतु ऐंशीव्या वर्षी मरण पावलेली व्यक्ती १९१० च्या आसपास जन्मलेली होती. तिच्या पिढीतील बहुसंख्य उपजत डावरे शाळेतच ‘उजवे’ केले गेले होते. साहजिकच वृद्ध मृतांत डावरे थोडे आणि तरुण मृतांत अधिक दिसले. एखाद्या खेड्यात मरण पावलेल्या स्त्रियांपैकी पदवीधर स्त्रियांचे सरासरी वय निरक्षर स्त्रियांपेक्षा कमी आढळेल. त्यावरून पदवीने आयुष्य घटते असे कोणी म्हणणार नाही, कारण वृद्ध पिढीतील स्त्रियांना पदवी मिळालीच नव्हती. येथेही तर्कदोष तोच होता. नंतरच्या अभ्यासांत नऊ वर्षांचा हा फरक आढळून आला नाही.

६. आनुवंशिकतेचा पेच

मेंडेलच्या नियमांचा १९०० साली पुनर्शोध लागल्यानंतर डावरेपणाचे स्पष्टीकरण त्या चौकटीत देण्याचे प्रयत्न झाले. फ्रान्सिस रॅमली यांनी १९१३ साली डावरेपणा हे अप्रभावी जनुकाचे लक्षण असल्याचे सुचवले. हा नियम खरा असता तर डावऱ्या दांपत्याची सर्व अपत्ये डावरी व्हायला हवी होती. प्रत्यक्ष चित्र निराळे आहे. मॅकमॅनस आणि ब्रायडेन यांनी १९९२ साली अनेक पाहण्यांचे संकलन केले. त्यानुसार दोन्ही पालक उजवे असता सुमारे ९.५ टक्के, एक पालक डावरा असता १९.५ टक्के आणि दोन्ही डावरे असता सुमारे २६ टक्के अपत्ये डावरी आढळतात. म्हणजे आनुवंशिकतेचा प्रभाव आहे. परंतु डावऱ्या दांपत्याचीही चारांतील तीन मुले उजवीच निघतात. एकबीज जुळ्यांची अडचण याहून मोठी होती. जनुके जवळजवळ पूर्णतः सारखी असूनही अशा जुळ्यांच्या सुमारे पंचमांश जोड्यांत एक उजवे आणि एक डावरे असते.

या पेचातून मार्ग काढण्याचे श्रेय ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मॅरियन अ‍ॅनेट यांना दिले पाहिजे. १९७२ पासून मांडलेल्या आणि १९८५ च्या ग्रंथात विस्तारलेल्या त्यांच्या सिद्धांतात प्रश्नच बदलला आहे. डावरेपणाचे जनुक शोधण्याऐवजी उजवीकडे झुकवणारा घटक शोधावा, असे त्यांनी सुचवले. हा घटक असलेल्या व्यक्तींचा कल उजवीकडे सरकतो. तो नसलेल्या व्यक्तींचा हात यदृच्छेने, म्हणजे योगायोगाने ठरतो. त्यामुळे असा घटक नसलेल्यांतही अनेक जण उजवेच होतात.

क्रिस मॅकमॅनस यांनी १९८५ साली याच दिशेने एक गणिती प्रतिमान मांडले. त्यात जनुकाची दोन रूपे कल्पिली आहेत : एक उजवेपणाचे आणि दुसरे यदृच्छेचे. उजवेपणाच्या रूपाच्या दोन प्रती असल्यास व्यक्ती उजवी होते. यदृच्छेच्या दोन प्रती असल्यास डावे होण्याची संभाव्यता निम्मी असते. आणि प्रत्येकी एक प्रत असल्यास ती पाव असते. या प्रतिमानाने कुटुंबांतील आकडे आणि जुळ्यांतील भिन्नता या दोहोंचा मेळ बसवला. एकाच जनुकाची कल्पना पुढे मागे पडली. पण आनुवंशिकतेत यदृच्छेला अधिकृत स्थान देणारी ही मांडणी टिकून राहिली.

अमेरिकन मेंदूतज्ज्ञ नॉर्मन गेशविंड यांचे कार्यही येथे नोंदवले पाहिजे. त्यांनी लेविट्स्की यांच्यासह १९६८ साली १०० मेंदूंचे परीक्षण करून श्रवण व भाषेशी संबंधित एक भाग ६५ मेंदूंत डावीकडे आणि ११ मेंदूंत उजवीकडे मोठा असल्याचे दाखवले. मेंदूच्या रचनेतील असमानता त्यामुळे डोळ्यांनी दिसू लागली. मात्र गर्भावस्थेतील टेस्टोस्टेरॉन संप्रेरकाच्या आधिक्याने डावरेपणा, वाचनदोष आणि प्रतिकारशक्तीचे विकार एकत्र येतात, ही १९८० च्या दशकातील त्यांची उपपत्ती पुढील पडताळणीत पुरेशी टिकली नाही. डावरेपणाला व्याधींच्या मालिकेत बसवण्याचा मोह विसाव्या शतकाच्या अखेरीसही संपलेला नव्हता, हे यावरून दिसते.

७. गर्भावस्था आणि जनुकशोध

सोनोग्राफीमुळे संशोधकांना रूढीपूर्व अवस्थेतील, म्हणजे कोणताही संस्कार होण्यापूर्वीच्या मानवाचे निरीक्षण करता आले. पीटर हेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली गर्भ बहुतांशी उजव्या हाताचाच अंगठा चोखतो, असे नोंदवले. २००५ साली त्यांनी अशा ७५ मुलांची पुन्हा पाहणी केली. गर्भावस्थेत उजवा अंगठा चोखणारी ६० मुले सर्वच्या सर्व उजवी निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ मुलांपैकी १० डावरी, तर ५ उजवी झाली. संख्या लहान असली तरी हा निष्कर्ष बोलका आहे. माता व दायांच्या सवयींना सर्व श्रेय देणाऱ्या प्लेटोच्या मताला येथे मर्यादा पडते. जर्मन संशोधकांच्या गटाने २०१७ साली गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास मज्जारज्जूच्या उजव्या व डाव्या बाजूंत जनुकांच्या कार्यात फरक असल्याचे दाखवले. मेंदूच्या बाह्य थराचा मज्जारज्जूशी कार्यकारी संबंध जुळण्यापूर्वीची ही अवस्था आहे.

जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासांनुसार हस्तप्राधान्यातील व्यक्तिभेदांपैकी सुमारे एकचतुर्थांश भाग आनुवंशिक घटकांमुळे स्पष्ट होतो. मग ही जनुके कोणती? २०१९ साली ब्रिटनमधील सुमारे ४ लाख व्यक्तींच्या माहितीवरून डावरेपणाशी संबंधित चार जनुकीय स्थाने ओळखण्यात आली. २०२१ साली १७ लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात ही संख्या ४१ वर गेली. दोन्ही हात सारखे वापरण्याशी संबंधित आणखी सात स्थाने मिळाली. २०२४ साली ‘टीयूबीबी४बी’ या जनुकातील दुर्मीळ बदल डावऱ्या व्यक्तींत २.७ पट अधिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. यांतील अनेक जनुके पेशींच्या आतील सूक्ष्मनलिकांशी निगडित आहेत. या नलिका पेशीला आकार व आधार देतात आणि चेतापेशींच्या वाढीत भाग घेतात. गर्भातील मेंदूची डावी-उजवी घडण त्यांच्यामार्फत प्रभावित होत असावी, असे अनुमान केले जाते.

तथापि या प्रत्येक स्थानाचा परिणाम अत्यल्प आहे. डावरेपणाचे एक जनुक अस्तित्वात नाही. उरलेल्या भेदाचा मोठा वाटा गर्भाच्या वाढीतील सूक्ष्म, अनियमित घडामोडींकडे जातो. ज्याला अ‍ॅनेट आणि मॅकमॅनस यदृच्छा म्हणत होते, ती अद्यापही या मीमांसेचा अविभाज्य भाग आहे.

८. मानवाच्या प्राचीनतेतील पुरावा

उजव्या हाताचे बहुमत किती जुने आहे, याचे उत्तर पुरातत्त्वाकडून मिळते. कोरेन आणि पोरॅक यांनी १९७७ साली गेल्या पाच हजार वर्षांतील चित्रे व शिल्पे तपासली. हाताचा वापर स्पष्ट दिसणाऱ्या १,१८० कलाकृतींपैकी सुमारे ९३ टक्के कलाकृतींत उजवा हात कार्यरत होता आणि काळानुसार या प्रमाणात लक्षणीय बदल नव्हता. कलाकार रूढीनुसार चित्र काढतो, हा आक्षेप येथे घेता येतो. परंतु दगड आणि दात यांबाबत तो लागू पडत नाही. निकोलस टॉथ यांनी १९८५ साली केनियातील कूबी फोरा येथील १४ ते १९ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी छिलक्यांचा अभ्यास केला आणि त्यांतील ५७ टक्के छिलके उजव्या हाताच्या कारागिराला अनुरूप असल्याचे दाखवले. टांझानियातील ओल्डुवाई येथे मिळालेल्या सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या ‘होमो हॅबिलिस’च्या दातांवरील तिरप्या ओरखड्यांवरून तो उजवा असावा, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. दातांत पकडलेला पदार्थ दगडाने कापताना पडणाऱ्या या ओरखड्यांची दिशा हातानुसार बदलते. एका व्यक्तीच्या दातांवरून संपूर्ण जातीविषयी निष्कर्ष काढता येत नसला, तरी निअँडरथल मानवाच्या अनेक दातांवरही उजव्या हाताचेच प्राबल्य दिसते.

मग डावरे टिकून का राहिले? फ्रेंच संशोधकांनी १९९६ साली सुचवल्यानुसार, समोरासमोरच्या झुंजीत अल्पसंख्य डावऱ्याला अनपेक्षितपणाचा लाभ मिळतो. डावऱ्या गोलंदाजाला तोंड देणाऱ्या फलंदाजाची अडचण हे त्याचे परिचित उदाहरण होय. परंतु पारंपरिक समाजांतील नंतरच्या अभ्यासांतून या मताला एकमुखी पुष्टी मिळालेली नाही. डावरेपणा टिकण्यासाठी त्यात काही विशेष लाभ असलाच पाहिजे, हे गृहीतकही तपासून पाहण्याजोगे आहे. जीवनव्यवहारात त्याची लक्षणीय हानी नसेल, तर यदृच्छेने तो प्रत्येक पिढीत पुन्हा निर्माण होत राहू शकतो.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) उजव्या हाताकडील कल जैविक आहे. तो लेखन, ढाल आणि ज्ञात धर्मसंस्था यांहून प्राचीन असून जन्मापूर्वीच दिसू लागतो. त्याला जोडलेले श्रेष्ठत्व मात्र सामाजिक आहे.

(२) ‘काही जण डावरे का?’ या प्रश्नात उजवेपणा हे प्रमाण आणि डावरेपणा हा अपवाद मानलेला असतो. ‘बहुसंख्यांचा कल उजवीकडे का?’ असा प्रश्न विचारल्यानंतरच आनुवंशिकतेचा पेच सुटू लागला.

(३) शाळेने आणि घराने जोवर डावा हात दाबला, तोवर शास्त्राला त्याची खरी संख्याही कळली नाही. १९९१ मधील अल्पायुष्याचा निष्कर्ष हे त्याचे उदाहरण आहे. मानवी वैशिष्ट्यांच्या कोणत्याही मोजणीत त्या वैशिष्ट्यावरील सामाजिक दबावाचा इतिहास विचारात घेणे आवश्यक ठरते.

(४) डावरेपणा ही व्याधी, विकृती किंवा हट्ट नव्हे. ते मानवी विविधतेचे एक सर्वसाधारण रूप आहे. दुसरा हात सरावाने कामास लावता येतो, म्हणून तो सक्तीने लावावा, असे मुळीच सिद्ध होत नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने यातील शेवटचा निष्कर्ष सर्वांत निकडीचा आहे. पाटीवर पहिले अक्षर गिरवताना डावा हात पुढे करणाऱ्या मुलाच्या मागे लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीचा, आईवडिलांच्या जनुकांचा आणि गर्भातील काही आठवड्यांच्या यदृच्छेचा वाटा असतो. त्यात मुलाचा अपराध नाही आणि पालकांच्या संस्काराचा दोषही नाही. अलीकडे उघड शिक्षा कमी झाल्या असल्या तरी उजव्या हाताच्या सोयीने बनवलेली बाके आणि ‘या हाताने नव्हे’ ही सहज दिली जाणारी सूचना अनेक ठिकाणी टिकून आहेत. अशा मुलाला डाव्या बाजूला कोपर टेकवता येईल असे बाक, पाटी किंवा वही किंचित तिरपी धरण्याची मुभा आणि पुरेसा अवधी एवढे मिळाले, तरी या दीर्घ शास्त्रीय वादातून हाती आलेले ज्ञान वर्गापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.